वयनी, लिलाव बंद होणार नाही

वयनी, दहाव्याच्या दिवशी मी शब्द दिला नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे दुसऱ्या कुणी तिखटमीठ लावून तुझ्यापर्यंत पोचवायला नको.

किनाऱ्यावर पिंड ठेवून सगळे लांब जाऊन उभे राहिले होते. बायकांनी तिथं यायचं नसतं, असं आमच्या थोरल्या चुलत भावानं, अण्णांनी, मला घरीच बजावलं होतं. मी पदर खोचला आणि त्यांच्या मागोमाग चालत गेले. सुरूच्या झाडांवर कावळे ओळीनं बसले होते, पण खाली एकही उतरेना. आधी अण्णांनीच हात जोडले. "इंदू, शालनाक आमी अंतर देवचंव नाय." कावळा हलला नाही. मग मागून कुणीतरी म्हणालं की हिचा जीव त्या भंगारात अडकलाय. अण्णा माझ्याकडे वळले.

"शाली, सांग तिका. ह्यो धंदो आता बंद करतंय म्हणून सांग. तेच्याशिवाय शिवूचो नाय तो."

सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी पिंडाकडे वळले आणि मोठ्यानं म्हणाले, "वयनी, धंदो मी बंद करूचंय नाय. तुका जेवचां आसा तर जेव, नायतर रव तशीच."

कुणीतरी "शिव, शिव" म्हणालं. अण्णांनी रागारागानं दर्भाचा कावळा वळायला घेतला. माणसं कपड्यांची वाळू झटकत परत फिरली, आणि तेवढ्यात एक कावळा खाली आला. त्याला कसलीच घाई नव्हती. इकडं तिकडं बघत, निवांत, त्यानं भात खाल्ला. "योगायोग," अण्णा म्हणाले. माणसांना शेवटपर्यंत ताणून धरायची तुझी सवय त्यांना ठाऊक नसेल, मला आहे.

तुझ्याशी मी इतकी वर्षं मालवणीत भांडले. लिहायला बसले की मात्र हात आपोआप कचेरीतल्या मराठीकडे वळतो. टायपिंगच्या क्लासात बोटांना लागलेलं वळण आहे ते. तू असतीस तर म्हणाली असतीस, "माझ्याकडे बोलतंस का मामलेदाराकडे?" बोल. हसायचं तर हस. पण पुरं ऐकून घे.

भाई, माझा भाऊ आणि तुझा नवरा, गेल्यावर त्या घरात आपण दोघीच उरलो. तू सकाळी किनाऱ्यावर लिलावात मासळी घ्यायचीस आणि पाटी डोक्यावर घेऊन वाडीवाडीतून विकायचीस. मी मालवणात मंगेशच्या इंटरनेट कॅफेत लोकांचे अर्ज टाइप करायचे. साल दोन हजार तीन असावं. एका दुपारी तू पाटीत मासळीऐवजी एक गोणपाट घेऊन आलीस. भंगारवाला गोटी सोड्याच्या जुन्या बाटल्या फोडायला नेत होता. तू त्याला बांगड्यांचा वाटा दिलास आणि गोणपाट उचलून आणलंस.

"कित्याक व्हयी ही घाण?" मी विचारलं.

तू एक बाटली उन्हात धरलीस. जाड, हिरवट काच आणि गळ्यात अडकलेली निळी गोटी. "बघ गो," तू म्हणालीस, "कोणाचो तरी डोळो कसो."

तसल्याच एका बाटलीचा फोटो मी कॅफेत पाहिला होता. जुन्या वस्तूंचा लिलाव चालायचा अशा एका ठिकाणी लोक त्या बाटलीवर बोली लावत होते. रात्री जेवताना तुला ते सांगितलं आणि तुझा घास हातातच राहिला.

"लिलाव? खंय बसतंत लोक?"

"खंयच नाय. आपापल्या घरात."

"आनी आरडता कोण?"

"कोणच आरडणा नाय."

"मगे तो लिलाव कसलो, शाली!"

दुसऱ्या दिवशी तू रिकामी पाटी बाहेर ठेवून कॅफेत येऊन बसलीस. मंगेशनं गुपचूप दोन उदबत्त्या लावल्या. ते तुझ्या लक्षात आलं होतं. पडद्यावर कुणाच्या तरी पितळी अडकित्त्याचा लिलाव संपत आला होता. बराच वेळ आकडा हलला नाही. मग अगदी शेवटच्या घटकेला तो उड्या मारायला लागला आणि तू टेबलावर अशी थाप दिलीस की शेजारचा माणूस दचकून उठला. "बघ! आमच्या दर्यारचीच रीत! पयलो तोंड उघडता तो फसता." आणि मग थोडा विचार करून म्हणालीस, "पण हयसर माल कुसणा नाय. तेच बरां."

तुला सगळं आधीपासून कळत होतं असं आता कुणी सांगायला लागलं तर मी ते खोडून काढीन. पहिली बाटली आपण इतक्या कमी बोलीनं सुरू केली की टपालखर्चसुद्धा निघाला नाही. दुसरी वाटेतच फुटली. तू तीन दिवस माझ्याशी धड बोलली नाहीस, जशी काही मीच ती आपटली होती. मग भाताचा कोंडा आणि काथ्या भरून, वरून पांढरं कापड शिवून पार्सल कसं करायचं ते तू शिकलीस. मला इंग्रजी येतं असं तुला वाटायचं, आणि मलाही वाटायचं. त्या वेळची माझी वाक्यं आज वाचवत नाहीत. एका गिऱ्हाइकानं कळवलं की पार्सलाला सुक्या मासळीचा वास येतो. उत्तर काय लिहू म्हणून मी विचारलं. "लिव तेका," तू म्हणालीस, "दर्यावरसून इली हा ती बाटली. अत्तराचो वास खंयसून येतलो?" मी लिहिलं तसंच. त्या माणसानं पुढं आपल्याकडून कितीतरी वस्तू घेतल्या.

आपलं पहिलं मोठं भांडण झालं ते वर्णनावरून. चिनी मातीची एक बरणी होती, तुझ्या सासूची, म्हणजे माझ्या आयेची. मी लिहिलं की सुंदर, दुर्मीळ, जुनी बरणी आहे. तू म्हणालीस, "वाचून दाखव." मी मराठीत सांगितलं.

"तडो गेलो हा ता लिवलंस?"

"ता खाली लिवलंय, शेवटाक."

"पयलां तां लिव. शिळ्या माशाचां पोट पयलां दाखवचां, मगे गिरायकाक वाटणा नाय की फसलंय म्हणून."

मी म्हटलं, असं केलं तर कुणी घेणारच नाही. तू म्हणालीस, नाही घेतलं तर लोणचं घालू. बरणी गेली. कोल्हापूरच्या एका बाईंनी घेतली आणि वर विचारलं की ही वस्तू अस्सल कशावरून. तू मला लिहायला लावलंस की माझ्या सासूनं आयुष्यभर हिच्यात कैरीचं लोणचं घातलं, यापेक्षा मोठा दाखला माझ्याकडे नाही. तेव्हापासून आपल्या प्रत्येक वस्तूचं वर्णन तिच्या खोडीपासून सुरू व्हायचं. वाडीतल्यांनी तुझ्या खोडी मोजल्या. तू मात्र त्यांच्या दारात जाऊन त्यांच्या अडगळीला नाव मिळवून दिलंस. मला त्याचा राग आहे आणि तो मी विसरणार नाही.

आता तातूंच्या गणपतीची गोष्ट. ती टाळली असती, पण बाराव्याला जेवायला बसलेल्या माणसांनी ती पुन्हा काढली आणि पुन्हा खोटी सांगितली. म्हणून लिहिते.

तातूंची दशावतारी कंपनी होती. आमच्या लहानपणी धयकाल्यात, म्हणजे जत्रेच्या रात्रीच्या नाटकात, पहिला गणपती त्यांचाच नाचायचा. पुढं कंपनी मोडली. एका सकाळी ते जुन्या शालीत काहीतरी गुंडाळून आपल्या खळ्यात, पुढल्या अंगणात, आले. शाल सोडली तर आत गणपतीचं लाकडी तोंड, नाचताना बांधायचा मुखवटा. सोंडेवरचा रंग उडालेला, डावा कान वाळवीनं पोखरलेला, पण डोळे शाबूत.

"माझ्या बापसान सावंतवाडीक करून घेतल्यान," तातू म्हणाले. "पोराक नको. माझ्यामागे ह्यां चुलीत जातलां, नायतर माळ्यार. ज्याका व्हया तेका दी, इंदू."

"तुमका खरांच देवचां आसा?" तू विचारलंस. मग चहा झाल्यावर पुन्हा विचारलंस. ते उठले तेव्हा तिसऱ्यांदा.

"होय गे बाय. कोण तरी बघणारो व्हयो तेका."

ते गेल्यावर मी म्हणाले की हे विकू नये. तू माझ्याकडे वळून पाहिलंस. "तातू सोता घेवन इले. तू कोण नको म्हणणारी?" पांढरी चादर अंथरून आपण फोटो काढला. वर्णनाची सुरुवात वाळवी लागलेल्या कानापासून केली. त्यावर इतक्या भराभर बोली यायला लागल्या की मंगेशच्या कॅफेत लोक माझ्या मागे येऊन उभे राहायचे. त्यातलाच कुणीतरी वाडीत बोलला.

त्या संध्याकाळी अण्णा चारपाच जणांना घेऊन खळ्यात आले. अण्णा आमच्या चुलत्यांचे थोरले, तुझे दीर, घराण्याचा शब्द त्यांच्या तोंडून निघायचा. तू काथ्या पिंजत बसली होतीस.

"देवाक लिलावात काढलंस? लाज नाय वाटली तुका?"

"बसा, भावजी. चाय टाकतंय."

"चाय नको. तां तोंड आत्ताच्या आत्ता देवळात आणून दी."

"देवळात खंय ठेवतलास?"

"ठेवू खंयतरी."

"खंयतरीच होतां तां इतकी वर्सां," तू म्हणालीस. "वाळवी लागली तेवा कोण गेल्लो बघूक?"

तेव्हा मागून एकजण म्हणाला की नवरा मेलेल्या बाईनं देवाला हात लावायचाच नसतो. त्याचं नाव मी लिहीत नाही. तो बाराव्याला जेवून गेला. तू काथ्या खाली ठेवलास, उठून उभी राहिलीस, साडीवरचे धागे झटकलेस. आवाज चढवला नाहीस.

"माझो घोव मेलो. हात नाय मेले."

मी आत दाराआड उभी होते. तू पुढं म्हणालीस, "आयतवारी सांजेक लिलाव सुटतलो. तोपर्यंत वाडीतल्या कोणीय येवन सांगा, ह्यां तोंड घालून मी धयकाल्यात उभो रवतंय म्हणून. मी फुकट देतंय. वर नारळ देतंय. तातूंच्या पाया मी पडतंय."

"आनी नाय इलो कोण तर?" अण्णांनी विचारलं.

"मगे जेचो भाव चडात तेचां."

रविवारपर्यंत आपल्या खळ्यात कुणी पाऊल टाकलं नाही. रस्त्यावरनं जाणारी माणसं गडग्याच्या, दगडी कुंपणाच्या, पलीकडून बघायची आणि चालू लागायची. तू मुद्दाम पुढलं दार उघडं ठेवून बसत होतीस. मला वाटतं, तुलाही कुणीतरी यावं असंच वाटत होतं. तू ते कधी कबूल केलं नाहीस.

रविवारी ऊन कलल्यावर तातू आले. एकटेच. तू आतून तोंड आणलंस आणि त्यांच्या हातात देऊ लागलीस. "घेवन जावा, तातू. मी लिलाव काढून टाकतंय."

त्यांनी मान हलवली. "न्हय गे. एकदा घालू?"

तू मागून नाड्या बांधल्यास. तातूंनी उजवा हात आशीर्वादासाठी उचलला आणि पाय हलवायला सुरुवात केली. मृदंग नाही, झांज नाही. गुडघे वाकत नव्हते. ते नुसते एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत होते आणि सोंड हळूहळू डोलत होती. आतून श्वासाचा आवाज यायचा. गडग्याच्या पलीकडे माणसं जमली. अण्णाही होते. कुणी आत आलं नाही, पण कुणी गेलंही नाही. शेजारच्या म्हातारीनं तिथूनच हात जोडले. तातू थांबले, तू नाड्या सोडल्यास. त्यांचं तोंड घामानं भिजलं होतं. ते लाकडी कपाळावरून हात फिरवून म्हणाले, "आता जाव दे तेका."

तो एकच लिलाव आपण शेवटपर्यंत पाहिला नाही. बंगळूरच्या एका बाईंनी तो गणपती घेतला. त्यांनी पाठवलेला फोटो तातू पुढं वर्षभर, म्हणजे जगले तोवर, खिशात ठेवून भेटेल त्याला दाखवायचे. भिंतीवर गणपती, वर पिवळा दिवा. बाराव्याला हे कुणी सांगितलं नाही. इंदूनं देव विकला, एवढंच सांगितलं.

पण वयनी, आता माझं ऐक. तू गेलीस म्हणून मी माझं म्हणणं सोडलेलं नाही. ते तोंड आपल्या घरात राहायला हवं होतं. मी तेव्हा म्हणाले, आजही म्हणते. तू म्हणायचीस, "घरात ठेवलेली वस्तू घरच्यांका दिसणां बंद होता." असेलही. पण भिंतीवरचा गणपती नाचत नाही. "आनी माळ्यारचो?" असं तू विचारणार, ते मला ठाऊक आहे, दर वेळी तू तेच विचारलंस. उत्तर सुचलं नाही म्हणजे पटलं असं नव्हे. कुठल्यातरी लहान पोरीनं एखाद्या दिवशी आपल्या घरी येऊन, हे काय आहे गो, असं विचारलं असतं. तेवढ्यासाठी ठेवायला हवं होतं. हा वाद आपला अर्धाच राहिला. तो मी एकटीनं मिटवणार नाही.

त्यानंतर वाडीनं तुला वाळीत टाकलं, फक्त तसं कुणी बोलून दाखवलं नाही. मासळीची गिऱ्हाइकं तुटली. जुन्या वस्तू द्यायच्या नाहीत असं घरोघर ठरलं. मंगेशला कुणीतरी दम दिला आणि तो बिचारा आपल्या डोळ्याला डोळा भिडवेना. मी घरी येऊन रडले. तू बांगडे तळत होतीस. "रडतंस कित्याक? आता तो कॉम्प्युटर घरात आणूया. मंगेशाच्या उदबत्तेन माझां डोक्यां दुखा होतां." तू गळ्यातली भाईनं केलेली चेन मोडलीस, मला न विचारता. फोनची लाइन आली. पाणी भरायच्या पिंपाशेजारी टेबल मांडलं आणि इंटरनेट लागताना तो फोन किंचाळायला लागला की तू हातातलं काम टाकून यायचीस.

गाव बंद झालं म्हणून तू एसटीनं हिंडायला लागलीस. वेंगुर्ला, कणकवली, देवगड, सावंतवाडी. बोटीवरचे पितळी कंदील, लाकडी खेळणी, हातानं रंगवलेले गंजिफाचे पत्ते, पानदानं. परवानगीवाचून विकता येत नाही इतकी जुनी वस्तू कुणी दाखवली की तू हात मागे घ्यायचीस, मग समोरचा कितीही गयावया करो. देवळातलं काही कुणी आणलं तर आणणाऱ्यालाच घेऊन तू पुन्हा देवळात जायचीस. दोनदा गेलीस, मी बरोबर होते. तेही बाराव्याला कुणाला आठवलं नाही.

मग वाडीतली माणसं परत यायला लागली. दिवेलागणीला, मागल्या दारानं, पदराखाली काहीतरी लपवून. पहिल्यांदा शेजारचीच सून आली. तू दार अर्धंच उघडलंस.

"फुडल्या दारान ये गो."

"कोण बघीत, वयनी."

"बघू दे. चोरी केलंस काय? तुझ्या माहेरची पानाची पेटी ती. मागल्या दारान इलेली वस्तू मी घेवचंय नाय."

ती बिचारी घराला वळसा घालून पुढं आली. तू तिला बाकावर बसवलंस, चहा दिलास, पेटी सगळ्यांना दिसेल अशी खळ्यात ठेवलीस. पुढं पुढं संध्याकाळी आपल्या खळ्यात बायकांच्या चपला दिसायला लागल्या. मला तेव्हा तो तुझा हट्ट वाटला होता. एवढं काय मोठं, घेऊन टाकायचं, असं मी म्हणायचे. पण चपला वाढत गेल्या हे खरं.

गेल्या वर्षी तुझ्या पोटात दुखायला लागलं. तू ते कुणाला सांगितलं नाहीस. गोव्याच्या इस्पितळात नेलं तोवर डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगण्यासारखं झालं होतं. मी आत आले तर तू विचारलंस, "काय म्हणता तो?" मी म्हटलं, बरं होईल. "मेल्यांका खोटां बोलाक पण येणा नाय," तू म्हणालीस आणि भिंतीकडे तोंड केलंस. थोड्या वेळानं तशीच पडून म्हणालीस, "कंदिलाचे फोटो काढलंस?"

मला तुझा संताप आला होता त्या वेळी. मरणाच्या दारात माणसानं कंदिलाचं काय विचारायचं. आता कळतं की तू मला काम देत होतीस. मी घरी आले, कंदील चिंचेनं घासला, फोटो काढले, काचेला चीर आहे असं पहिल्या ओळीत लिहिलं. परत येऊन तुला वाचून दाखवलं. तुझा आवाज गेला होता. तू नुसती मान हलवलीस. ते शेवटचं.

तू गेल्यावर तिसऱ्या दिवशी त्या कंदिलाचा लिलाव संपला. वस्तू नाशिकच्या एका माणसाची झाली. सुतक चालू होतं. मी कोंडा आणि काथ्या काढला तेव्हा अण्णा ओटीवर बसले होते.

"सुतकात पार्सल?"

"होय."

"लोक काय म्हणतीत?"

"म्हणूदेत. तेंका दुसरां काम नाय. माका आसा."

ते उठून आत आले. मला वाटलं, हातातून हिसकावून घेतात. ते तिथंच उभे राहिले आणि एकदम म्हणाले, "शाली, ती गेली. आता कोणाक दाखवतंस?" त्यांचा आवाज तसा नव्हता जसा नेहमी असतो. मी सुई ओवत होते. दोरा जाईना. म्हटलं, "कोणाक दाखवक नाय, अण्णा. दिलेलो शब्द तिचो आसा." ते बाहेर गेले. मी पार्सल शिवलं आणि पोस्टात गेले. खिडकीवरच्या माणसानं माझ्याकडे पाहिलं, पार्सलावरचं तुझं नाव पाहिलं. "आज कशाला आलात?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, "शिक्का मारा." त्यानं मारला.

एक गोष्ट मी तुला कधी बोलले नाही, कारण तू बोलू दिली नसतीस. भाई गेला त्या आठवड्यात अण्णांच्या ओटीवर बैठक बसली होती. तू माहेरी जायचं, मी अण्णांच्या घरी राहून त्यांच्या पोरांचं बघायचं, घराला कुलूप. ठरलंच होतं जवळजवळ. तू आत मासळी साफ करत होतीस. तसेच खवल्यांचे हात घेऊन बाहेर आलीस आणि म्हणालीस, "शालन खंय जावची नाय. मीय जावचंय नाय. घरात दोन बायलमाणसां आसत, ता काय कमी आसा?" मी तेव्हा एकवीस वर्षांची होते. मला कुणी विचारलंच नव्हतं की तुला काय हवंय. तूही नाही विचारलंस, वयनी. पण तू जे ठरवलंस, तेच मला हवं होतं. तुझ्यामुळे माझ्या हाताला अक्षर राहिलं. नाहीतर ही बोटं आज कुणाच्या तरी चुलीशी वाकलेली असती आणि तुझ्यावर लिहायला कुणी नसतं. उपकार म्हटलं असतं तर तू उठून गेली असतीस. आता कुठं जाशील? ऐक. उपकार आहेत.

तुझ्यावाचून मला येणार नाहीत अशा कितीतरी गोष्टी आहेत. घरात शिरून बायकांशी बोलायचं काम तुझं होतं. मी फक्त टेबलापाशी. मला माणसांसमोर घाम फुटतो. भाव सांगायची वेळ आली की माझी जीभ वळत नाही. सगळे म्हणतात की तिच्याशिवाय हिला जमणार नाही, आणि ते बरोबर म्हणत असतील. पण जमत नाही म्हणून सोडायचं, असं मला कुणी शिकवलेलं नाही. चुकेन, फसेन, पहिल्यांदा टपालखर्चही निघणार नाही. त्याला माझी ना नाही.

आज सकाळी फोन वाजला. मी अंगण झाडत होते, धावत गेले. वैभववाडीकडची कुणी बाई होती. बोलताना मधे मधे थांबायची, जशी काही कुणी ऐकत नाही ना ते बघत होती. तिच्या सासऱ्यांच्या जुन्या वस्तू आहेत म्हणाली. घरातले भंगारात घालायला निघालेत, मला ते बघवत नाही म्हणाली. कुणीतरी तिला तुझ्याबद्दल सांगितलं होतं.

"लिलाववाले बाई तुमीच काय?" तिनं विचारलं.

सांगणार होते मी, की त्या वारल्या. तोंडात आलं होतं. पण पलीकडे ती श्वास रोखून थांबली होती, आणि दारात अण्णा येऊन उभे होते, माझं उत्तर ऐकायला.

"होय," मी म्हटलं. "मीच. उद्या पयल्या गाडयेन येतंय."